डिशची दिशा आणि नळीवरचा एक मिलिमीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव या जिल्ह्यांची नावे आली, तेव्हापासून आमच्या शहाद्यात उपग्रहाच्या इंटरनेटची बरीच चर्चा आहे. मी त्या कामातला माणूस हे ठाऊक असल्याने लोक थांबवून विचारतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "भाऊ, पावसात चालेल का हो ते?" हा प्रश्न मी पंचवीस वर्षे ऐकतो आहे. त्याचे निम्मे उत्तर ढगांकडे असते आणि निम्मे छपरावरच्या नळीला डिश कशी आवळली आहे त्यात. या दुसऱ्या निम्म्याबद्दल वर्तमानपत्रात काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र लांबणार आहे. जागा द्यावी ही विनंती.

माझी ओळख थोडक्यात देतो. धुळ्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून १९९६ साली मी व्हीसॅट, म्हणजे उपग्रहाशी थेट बोलणाऱ्या डिश, बसवणाऱ्या पथकात लागलो. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार तेव्हा उपग्रहामार्फत चालत, त्यामुळे नाशिक-जळगावच्या शेअर दलालांच्या गच्च्यांवर आम्ही १.८ मीटरच्या डिश दोराने चढवायचो. पुढे बँकांच्या शाखा, एटीएम, पेट्रोल पंप आणि शेवटी शेवटी शाळा व आरोग्य केंद्रे. २०२१मध्ये निवृत्त झालो. एकूण किती डिश बसवल्या ते मोजले नाही, पण प्रत्येक ठिकाणचे आकडे लिहिलेल्या वह्या घरी आहेत.

२०२४च्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेवर १.२ मीटरची डिश होती, बसवून वर्षही झाले नव्हते. उन्हाळाभर इंटरनेट ठीक चालले. मृग लागला आणि ते रोज बंद पडू लागले. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज अर्धवट राहत, आधारची पडताळणी मध्येच तुटे. दोन शिक्षक लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मोटारसायकलने डोंगराच्या सोंडेवर जात, कारण तिथे मोबाइलच्या रेंजची एखादी कांडी मिळते, आणि एकाने छत्री धरायची, दुसऱ्याने अर्ज भरायचे असे चालले होते. तक्रार केली तर त्यांना उत्तर मिळाले, "सर, उपग्रहाचं असंच असतं. पाऊस आला की जाणारच." सरांनी ते खरे मानले. सांगणारा त्याच कामातला होता, मग का मानू नये?

मी सरांना विचारले, "पाऊस केवढा असला की जातं?"

ते म्हणाले, "भाऊ, भुरभुर आली तरी जातं."

मला तिथेच कळले. या डिश ज्यांवर चालतात त्या कू-बँडच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, विखुरतात. धो धो कोसळत असताना काही मिनिटे चांगल्या जोडणीचेही जाते, हे मी कुणापासून लपवणार नाही. पण प्रत्येक जोडणी आखताना पावसासाठी काही ताकद राखीव धरलेली असते, शेतकरी पुढच्या हंगामाचे बियाणे वेगळे काढून ठेवतो तशी. भुरभुरीतच ती संपत असेल तर ती अगोदरच कुणीतरी खाल्लेली असते. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ती चुकलेल्या दिशेने खाल्लेली असते.

ही डिश घरावरच्या टीव्हीच्या डिशसारखी नाही, हे आधी सांगायला हवे. टीव्हीची डिश फक्त ऐकते. ती थोडी वाकडी असेल तर नुकसान तुमच्या घरापुरते. इंटरनेटची डिश ऐकते तशी बोलतेही. तिची दिशा चुकली तर तिचा आवाज शेजारच्या उपग्रहावर जाऊ शकतो आणि कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या कामात खरखर निर्माण करतो. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ओळीने असतात; ७४ अंश पूर्व रेखांशावर आपले जीसॅट-११ आणि जीसॅट-१८ आहेत आणि लगेच ७५ अंशावर एबीएस-२ हा परदेशी उपग्रह आहे. म्हणूनच कंपनीच्या नियंत्रण कक्षाला कळवल्याशिवाय चालू डिशच्या नटाला हात लावायचा नाही, हा नियम मी निवृत्तीनंतरही पाळतो. सरांना रीतसर तक्रार नोंदवायला लावली आणि कंपनीचा तंत्रज्ञ ज्या दिवशी येणार होता त्या दिवशी मीही गेलो. जुलैचा मध्य होता. सकाळी उघडीप मिळाली, एवढे नशीब.

तंत्रज्ञ तळोद्याकडचा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. कामसू, शिडीवर माकडासारखा चढणारा. त्याने मॉडेमच्या पानावर सिग्नलचा आकडा पाहिला आणि मला म्हणाला, "काका, लॉक तर आहे. आकडा पण हिरवा आहे." त्याच्या दृष्टीने दोष काहीच नव्हता.

मी पेटीतून ओळंबा काढला. माझे वडील गवंडी होते, त्यांचा हा पितळी ओळंबा मी पहिल्या नोकरीपासून हत्यारांत ठेवला आहे. डिश ज्या नळीवर बसते ती अगदी ओळंब्यात उभी हवी आणि ते दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात, बघायला हवे. एका बाजूने सरळ दिसणारी नळी दुसऱ्या बाजूने झुकलेली असू शकते. ही तशीच होती, पूर्वेकडे जवळपास दोन अंश कललेली. मुलाकडे लोहचुंबकाची छोटी लेव्हल होती, पण बसवताना ती एकाच बाजूला लावली गेली असावी. कारण शोधायला वेळ लागला नाही. ब्रॅकेट विटांच्या कठड्यात ठोकले होते, पावसाने कठडा भिजला आणि खालचा एक बोल्ट बोटाने हलत होता.

नळी कलली की काय होते? डिशच्या पाठीवर अंशांच्या खुणा असतात, त्या नळी सरळ आहे असे धरूनच कोरलेल्या असतात. नळी वाकडी तर ते आकडे खोटे. शिवाय डिश डावी-उजवीकडे फिरवली की ती नकळत वर-खालीही होते. मग बसवणारा एका बाजूने सुधारतो तेव्हा दुसरीकडे बिघडवत असतो आणि आकडा का वाढत नाही ते त्याला कळत नाही. आम्ही ब्रॅकेट काढले, आरसीसी खांबाला नवे अँकर मारले आणि नळी दोन्ही बाजूंनी ओळंब्यात आणली. यात पाऊण दिवस गेला. डिशची दिशा साधायला नंतर तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागला, पण पाऊण दिवसाशिवाय त्या तासाला अर्थ नव्हता.

आता दिशेविषयी. आम्ही अझिमुथ आणि एलिव्हेशन म्हणतो, ज्योतिर्विद्येच्या पुस्तकांत दिगंश आणि उन्नतांश म्हणतात. उत्तरेपासून उजवीकडे किती फिरायचे आणि क्षितिजापासून किती वर बघायचे, एवढेच ते. नंदुरबार जिल्ह्याचे भाग्य असे की धडगाव ७४.२ रेखांशावर येते आणि उपग्रह ७४वर. म्हणजे उपग्रह धडगावच्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला, दिगंश १८० अंशांहून अर्धा-पाऊण अंश जास्त, उन्नतांश साधारण ६४. हाच उपग्रह गडचिरोलीतल्या भामरागडहून बघायचा तर दिगंश १९९ लागतो, म्हणजे दक्षिणेपासून १९ अंश पश्चिमेकडे वळावे लागते, आणि उन्नतांश ६६. २०२०च्या जानेवारीत मी भामरागड तालुक्यात काम केले, तेव्हाची वही समोर ठेवून हे लिहितो आहे. एकाच राज्यात एवढा फरक पडतो. त्यामुळे मागच्या गावचा आकडा पुढच्या गावाला लावायचा नसतो, प्रत्येक ठिकाणचे अक्षांश-रेखांश घालून हिशेब नव्याने करायचा असतो.

दक्षिण शोधताना मुलाने मोबाइलमधले होकायंत्र उघडले आणि मोबाइल थेट नळीला टेकवला. लोखंडाजवळ होकायंत्र भरकटते. खाली पत्र्याची शेड, बाजूला सळयांचा खांब. मी त्याला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, लोखंडापासून दूर उभे केले, तिथून समोरच्या टेकडीवरच्या एका मोहाच्या झाडाची दिशा घेतली आणि मग त्या झाडाच्या आधाराने नळीजवळ दक्षिण ठरवली. दोन वाचनांत नऊ अंशांचा फरक निघाला. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी अंतर आहे, त्यामुळे होकायंत्र नीट वापरले तर ते पुरते. थंडीत मी त्याहून सोपी रीत वापरत असे. दुपारी साडेबाराच्या आगेमागे ओळंब्याच्या दोरीची सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा ती बरोबर दक्षिणोत्तर पडते; तिच्यावर खडूची रेघ मारायची. जुलैच्या मध्यात मात्र ही युक्ती धडगावला चालत नाही. त्याच सुमारास तिथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर आणि सावली पायाखाली.

सरांनी मध्येच एक शंका काढली. "भाऊ, उपग्रह एवढा वर आहे म्हणता, मग ही डिश समोरच्या डोंगराकडे का बघते?" शंका रास्त आहे आणि ती अनेकांना पडते. या डिशचा फीड, म्हणजे लहरी घेणारे आणि सोडणारे तोंड, मध्यभागी नसतो, खालच्या बाजूला बाहेर काढलेला असतो, त्यामुळे डिशचा चेहरा प्रत्यक्ष रोखापेक्षा वीसेक अंश खाली झुकलेला दिसतो. किती झुकलेला, ते बनवणाऱ्याच्या कागदावर लिहिलेले असते आणि ते वाचावे लागते. आणखी एक गोष्ट मी सरांना दाखवली. सातपुड्यात लोकांना वाटते डोंगर आड येतो. ६४ अंश वर बघायचे असेल तर डोंगर सहसा आड येत नाही. आड येते ते इमारतीच्या दक्षिणेला अगदी लगटून वाढलेले झाड. पानांत पाणी साठले की ते सिग्नल गिळते. डिश बसवताना रोप असलेले झाड तीन वर्षांत छपराच्या वर जाते, म्हणून झाड आज केवढे आहे याबरोबर ते कशाचे आहे हेही बघावे.

आता खरे बारीक काम. यासाठीच मी हे सगळे लिहायला घेतले.

उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. इथे एका अंशाची चूक झाली तर तिथे सहाशेहून जास्त किलोमीटरचा फरक पडतो. डिशच्या झोताची रुंदीही मोठी नाही, १.२ मीटरच्या डिशला ऐकताना साधारण दीड अंश आणि बोलताना सव्वा, कारण पाठवायची फ्रिक्वेन्सी जास्त आणि फ्रिक्वेन्सी जास्त तितका झोत अरुंद. यातून एक वाईट गोष्ट निघते. तंत्रज्ञ जो आकडा बघून दिशा लावतो तो ऐकण्याचा असतो, पण दिशा चुकल्याचे नुकसान बोलण्यात जास्त होते. अर्ध्या-पाऊण अंशाने चुकलेली डिश ऐकताना जेमतेम दोन डेसिबल गमावते, आकडा हिरवाच राहतो. बोलताना मात्र तीन डेसिबल, म्हणजे निम्मी ताकद. शाळेतही नेमके हेच घडत होते. पाने उघडायची, पण भरलेला अर्ज वर चढायचा नाही.

मुलाला मी तोरणमाळचे उदाहरण दिले, कारण तो तिथे यात्रेला गेलेला होता. खालून बघताना तोरणमाळ म्हणजे उंच शिखर वाटते, वर पोचल्यावर ते पठार असते. सिग्नलचा आकडाही असाच चढतो. डिश फिरवत नेली की तो चढत जातो आणि माथ्यावर आला की सपाट होतो. त्या सपाटीवर तुम्ही इकडे-तिकडे सरकलात तरी आकडा जवळजवळ तोच दाखवतो. "सर्वांत मोठा आकडा आला, आवळून टाक" म्हणणारा पठारावर कुठेही तंबू ठोकतो. कधी मध्यावर, कधी कड्याला लागून. कड्याला लागून ठोकलेला तंबू उन्हाळ्यात दिसत नाही, पावसाळ्यात घसरतो.

पठाराचा मध्य काढायचा तर दोन्ही कडे गाठावे लागतात. डिश हळूहळू डावीकडे न्यायची, आकडा ठरावीक एवढा पडला की थांबायचे आणि नळीवर पेन्सिलीने खूण करायची. मग उजवीकडे, तेवढाच आकडा पडेपर्यंत, आणि दुसरी खूण. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे जागा. नंतर वर-खाली तसेच, तिथे बोल्टचे फेरे मोजायचे. दोन्ही झाले की पुन्हा एकदा डावी-उजवीकडे, कारण एक बदलल्यावर दुसरे किंचित हलते. फिरवताना दर वेळी हात सोडून, मागे सरकून आकडा वाचायचा. हाताचा भार डिशवर असताना वाचलेला आकडा हाताचा असतो. मुख्य माथ्याच्या दोन्ही बाजूंना छोटी खोटी शिखरेही असतात, तिथेही आकडा चढतो आणि उतरतो. म्हणून एक माथा सापडला तरी पुढे-मागे भरपूर फिरून त्याहून मोठा नाही ना, याची खात्री करायची.

आपल्याकडे उपग्रह डोक्याजवळ असल्याने एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे आणि ती मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितली गेली नाही, वह्यांतल्या नोंदींवरून उमगली. डिश नळीवर एक अंश फिरवली तर ६४ उन्नतांशावर आकाशातला रोख अर्ध्या अंशाहूनही कमी सरकतो. वर-खालीचा एक अंश मात्र पूर्ण एक अंश असतो. म्हणजे आपल्याकडे आडवी चूक काहीशी माफ होते, उभी होत नाही. तरीही मुले वेळ घालवतात ती डावी-उजवी करण्यात, कारण ते हाताने सहज होते. उन्नतांशाचा बोल्ट गंजलेला, हाताला अवघड, म्हणून तो "अंदाजे" राहतो. या शाळेच्या डिशची उभी चूक अर्धा अंश निघाली. आडवी चूक नळीवर मोजली तर एक मिलिमीटर. साडेतीन इंची नळीच्या परिघावर एक अंश म्हणजे पाऊण मिलिमीटर, हा हिशेब कुणीही करून बघावा. त्या एका मिलिमीटरसाठी आणि बोल्टच्या काही फेऱ्यांसाठी दोन शिक्षक दीड महिना डोंगराच्या सोंडेवर भिजत होते.

मग आवळणे. इथे पुष्कळ चांगले काम वाया जाते. एकच नट शेवटपर्यंत आवळला की डिश त्या बाजूला खेचली जाते. समोरासमोरचे नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे आणि प्रत्येक वेळी आकडा बघायचा. पूर्ण आवळल्यावर आकडा खाली आला असेल तर सैल करून पुन्हा. त्या दिवशी आम्हाला दोनदा सैल करावे लागले.

शेवटी नियंत्रण कक्षाला फोन. तिथल्या अभियंता मुलीने शांतपणे, घाई न करता साथ दिली, हे मुद्दाम नोंदवतो. तिच्या सांगण्यावरून डिशने एक साधा, अखंड संकेत पाठवायचा आणि तिने तो दोन्ही ध्रुवणांत मोजायचा. रेषीय ध्रुवण असले की लहरी एकाच प्रतलात थरथरतात, उभ्या किंवा आडव्या, आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या प्रतलात दुसरे कुणीतरी बोलत असते. फीड किंचित फिरलेला असला की आपला आवाज त्यांच्यात मिसळतो. धडगावला हा फीड जवळजवळ सरळच ठेवायचा असतो, भामरागडला त्याच उपग्रहासाठी १८ अंश फिरवावा लागतो. मुलगा फीड केसाएवढा फिरवायचा, ती फोनवर म्हणायची, "अजून थोडं... थांबा, परत या... बस." ही चाचणी सुरू असताना फीडसमोर कुणी उभे राहायचे नाही आणि नटांशी काम करताना पाठवणे बंद ठेवायचे, हेही मुलाला तेव्हाच पहिल्यांदा कुणी सांगितले. ती म्हणाली, आधीपेक्षा तुमचा आवाज तीन डेसिबलने चढला आहे.

त्यानंतर सरांनी एका वहीत नोंद ठेवली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धुवाधार पावसात चार वेळा बंद झाले, सर्वांत जास्त अकरा मिनिटे. भुरभुरीत एकदाही नाही.

संपादक महोदय, या मुलाला दोष द्यायला मी हे लिहिलेले नाही. संध्याकाळी घाट उतरताना तो मला म्हणाला की त्याला जागेमागे पैसे मिळतात आणि दिवसाला तीन जागा पुऱ्या कराव्या लागतात. मॉडेम चालू झाल्याचा आणि डिशचा फोटो पाठवला की जागा पूर्ण धरली जाते. सातपुड्याच्या रस्त्यांवर तीन जागा म्हणजे एकेका जागेला किती वेळ उरतो? त्याला ओळंबा कुणी दिला नव्हता, पठाराची गोष्ट कुणी सांगितली नव्हती, आणि पाऊण दिवस एका कठड्यावर घालवला असता तर त्याची मजुरी बुडाली असती. काम देणाऱ्यांनी गतीला पैसे दिले, त्याने गती दिली.

मला याचा राग येतो, तो कशामुळे तेही सांगतो. जीसॅट-११ हा ५,८५४ किलोंचा उपग्रह इस्रोने बांधला, ५ डिसेंबर २०१८ रोजी तो फ्रेंच गयानातल्या कुरूहून वर गेला. असे उपग्रह आपल्या ठिकाणी राहावेत म्हणून कर्नाटकातल्या हसनच्या केंद्रात माणसे रात्रंदिवस बसतात आणि एका अंशाच्या दहाव्या भागाइतके ढळले तरी सावरतात. वर एवढी निष्ठा आणि खाली आमच्या मुलांच्या शाळेवर नळीला ओळंबासुद्धा लावायचा नाही?

म्हणून जिल्हा परिषद, आदिवासी विकास विभाग आणि जे कुणी अशा जोडण्यांची कंत्राटे काढतात त्यांच्याकडे माझी मागणी आहे. डोंगरी भागात जागांच्या संख्येवर मोबदला देणे थांबवावे. मोबदल्याचा एक हिस्सा पहिला पावसाळा पार पडल्यावरच द्यावा. प्रत्येक डिशची एक पाटी असावी, मराठीत, मॉडेमच्या पेटीच्या आत चिकटवलेली: दिगंश, उन्नतांश, ध्रुवण, नळी दोन्ही बाजूंनी तपासली का, स्वच्छ आकाशातला आकडा, नियंत्रण कक्षाने दिलेला ध्रुवणाचा आकडा, तारीख आणि बसवणाऱ्याची सही. ही पाटी असती तर सरांनी जूनमध्येच मॉडेमचा आकडा पाटीशी ताडून बघितला असता आणि "उपग्रहाचं असंच असतं" हे वाक्य त्यांना ऐकून घ्यावे लागले नसते. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांना हे काम आमच्याच जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये शिकवावे, फळ्यावर नाही, गच्चीवर खरी डिश ठेवून, मुद्दाम वाकडी करून. पावरा, भिल्ल, मावची मुले डोंगर ओळखतात, झाडे ओळखतात, शिडीवर चढायला घाबरत नाहीत. बिघाड झाला की नाशिकहून माणूस यायला आठवडा लागतो, तो त्यांच्यामुळे अर्ध्या दिवसावर येईल.

कुणी म्हणेल, आता नव्या चपट्या डिश येत आहेत, त्यांना दिशा लावावीच लागत नाही. बरेचसे खरे आहे. त्यांचे उपग्रह पाच-साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात आणि डिश त्यांचा माग स्वतः घेते. पण तिला एका बिंदूऐवजी आकाशाचा मोठा उघडा तुकडा लागतो, म्हणजे झाड आणि डोंगर तिच्या जास्त आड येतात. खांब तिलाही पक्का लागतो, केबलच्या जोडात पाणी तिच्याही शिरते. आणि शाळा-दवाखान्यांवर, बँकांवर आज ज्या जुन्या पद्धतीच्या डिश उभ्या आहेत त्या उद्या निघणार नाहीत. त्यांच्यावर अजून बरेच पावसाळे जायचे आहेत.

तोवर ज्यांच्या गावात अशी डिश आहे त्यांनी एवढे जरूर करावे. आकाश स्वच्छ असताना मॉडेमचा आकडा वहीत लिहून ठेवावा. क्लॅम्प आणि नळी यांच्या सांध्यावरून ऑइलपेंटची एक बारीक सरळ रेघ ओढावी. वादळानंतर रेघ तुटलेली दिसली तर डिश हलली असे समजावे आणि स्वतः न फिरवता लगेच कळवावे. तक्रारीत "पाऊस आला की जाते" असे मोघम न लिहिता केवढ्या पावसात, किती मिनिटे, हे तारखेसह लिहावे. नियंत्रण कक्षातल्या माणसाला त्यातून पुष्कळ समजते.

या पावसाळ्याआधी धडगाव, अक्कलकुवा किंवा तळोदा तालुक्यातल्या ज्या शाळेला, उपकेंद्राला आपली डिश तपासून हवी असेल त्यांनी कंपनीकडे तक्रार नोंदवून तंत्रज्ञाच्या भेटीची तारीख आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावी. त्या दिवशी मी माझ्या खर्चाने येऊन तंत्रज्ञाबरोबर उभा राहीन. ओळंबा, पेन्सिल आणि वही मी आणतो. शिडी तेवढी गावातली लागेल.

आपला,
एक निवृत्त व्हीसॅट तंत्रज्ञ
शहादा, जि. नंदुरबार